थोरल्या कलमाची फांदी

शिंप्यानं शर्ट बिघडवला तर गिऱ्हाईक आठ दिवसांत तो दुकानात आणून तोंडावर टाकतं. आंब्याची कलमं विकणाऱ्याचं तसं नसतं. आज मी तुम्हाला हापूस म्हणून एक कलम दिलं, तर ते खरंच हापूस होतं की नाही हे तुम्हाला पाच-सहा वर्षांनी कळणार, पहिला आंबा कापल्यावर. तोवर तुम्ही खड्डा खणलेला असतो, दोन-तीन उन्हाळे पाणी घातलेलं असतं, गुरांपासून ते राखलेलं असतं. म्हणून आमच्या धंद्यात माल कमी आणि भरवसा जास्त विकला जातो. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात मी चाळीस वर्षं तो विकत आलो. त्याला कुठे तडा गेलाय हे मला ज्या बाईनं दाखवलं, तिला माझ्याकडे येऊन तेव्हा चारच दिवस झाले होते.

तिचं नाव म्वेंदे. ती केनियाची, वय बावन्न, शाळेत विज्ञान शिकवायची. नोकरी सोडून गावातल्या बायकांचा एक गट तिनं उभा केला होता. त्यांच्या डोंगराळ, कोरड्या मुलखात घरोघरी आंबा आहे, पण सगळा कोयीपासून वाढलेला, म्हणजे आपल्याकडचा रायवळ. एक झाड गोड तर शेजारचं आंबट. चांगल्या झाडाची कलमं कशी करायची हे शिकून परत जाऊन बायकांना शिकवायचं, एवढ्यासाठी ती एका संस्थेमार्फत तीन महिने आमच्याकडे राहायला आली. स्वयंसेवक प्रशिक्षणार्थी असा तिचा हुद्दा होता. संस्थेच्या माणसानं फोनवर मला त्याचा अर्थ समजावला. पगार द्यायचा नाही, राहायला-जेवायला द्यायचं, काम करून घ्यायचं आणि करता करता शिकवायचं. मी हे सगळं शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखंच की."

जुलैत रत्नागिरी स्टेशनवर तिला उतरवून घेतलं तेव्हा पाऊस लागला होता. आमच्याकडे तो लागतोच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. रिक्षा गावाजवळच्या साकवापाशी, ओढ्यावरच्या लहान पुलापाशी, आली आणि बाईनं रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून ती थांबवायला लावली. खाली उतरली, कठड्याला धरून पऱ्याकडे बघत राहिली. लाल पाणी नुसतं धावत होतं.

"हे पाणी कुठं जातं?" तिनं विचारलं. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. तिचं चांगलं, माझं कामापुरतं.

"समुद्रात."

"सगळं?"

"सगळं."

ती कठड्यावरून मागं सरली. मग म्हणाली, आमच्याकडे नदी वर्षातले बरेच दिवस वाळूची असते, वाळूत खड्डा करून बायका पाणी काढतात. मला आमच्या वाडीत एप्रिलमध्ये येणारा टँकर आठवला आणि मी तिला घाईनं रिक्षात बसवलं. सहासष्ट वर्षं मी त्या साकवावरून जातो आहे. पाणी कुठं जातं असं मला कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

पहिले दोन दिवस आम्ही घरातले तिला बघत होतो आणि ती आम्हाला. तिला काय खायला घालायचं या काळजीनं शैला बेजार. दुसऱ्या दिवशी सकाळी शैलानं माझ्यासाठी नाचणीचं आंबील केलं होतं. म्वेंदेनं वास घेतला, उठून थेट चुलीपाशी गेली, टोपात वाकून बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याकडे तेच धान्य, तसंच ढवळून, सकाळी तेच पितात. शैलाला इंग्रजी येत नाही आणि म्वेंदेला मराठी येत नव्हती. पण त्या सकाळी दोघी चुलीपुढे पाटावर बसून अर्धा तास काहीतरी बोलत होत्या. मला कोणीच काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती घरात म्वेंदेताई झाली.

मला ती म्वालिमू म्हणायची. त्यांच्या भाषेत गुरुजी. माझा जुना गडी गंगाराम हे ऐकून इतका खूश झाला की दिवसभर मला मवाली म्हणत होता. गंगाराम आणि मी एका वयाचे. तीस वर्षं काड्या काढायला झाडावर तोच चढतो.

आता काड्या म्हणजे काय ते सांगतो. पावसाच्या सुरुवातीला रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालायच्या. पंधरा-वीस दिवसांत तांबूस पानांचं कोवळं रोप वर येतं, त्याला आम्ही खुंट म्हणतो. हापूसच्या चांगल्या झाडावरून पेन्सिलीएवढी जाड काडी आणायची. खुंट वीतभरापेक्षा खाली छाटायचा, त्याला मधोमध चीर द्यायची, काडीचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवायचं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं. खालचं मूळ रायवळाचं, वरचं झाड हापूसचं. कोकणात हापूसच्या मोठ्या झाडालाही आम्ही कलमच म्हणतो, ते यामुळे. काडी काढायच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून छाटतात. देठ आपोआप गळायला लागले की काडी तयार. यात अवघड काही नाही. अवघड एवढंच, की काडी ज्या झाडाची म्हणून आणली त्याच झाडाची असली पाहिजे.

लोकांना मात्र वेगळ्याच गोष्टी अवघड वाटतात. एक गृहस्थ दर वर्षी येऊन, आंबा लागलेलं कलम कुंडीत मिळेल का, असं विचारायचे, त्यांना ते सातव्या मजल्यावर ठेवायचं होतं. एका बाईंना कमी उंच होणारं, कमी पानं गळणारं आणि शेजाऱ्यांकडे फांदी न जाणारं हापूस हवं होतं. मी त्यांना तुळस घ्या म्हटलं.

पहिल्याच दिवशी म्वेंदेला मी माझं ठेवणीतलं भाषण ऐकवलं. जो कोणी शिकायला येतो त्याला मी ते ऐकवतो. हापूस, पायरी आणि रायवळ यांचं एकेक पान तिच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, चुरडा आणि हुंगा. तिन्हींचे वास वेगळे. डोळा फसतो, पानं सारखी दिसतात. नाक फसत नाही. काडी घेण्याआधी त्या फांदीचं पान हुंगलं पाहिजे, एकदा नाही, प्रत्येक वेळी.

भाषण चांगलं होतं. फक्त मी स्वतः गेली वीस वर्षं एकही पान हुंगलं नव्हतं. मला माझी झाडं माहीत होती, गंगारामला त्याच्या फांद्या माहीत होत्या. हुंगणं हे शिकणाऱ्याला सांगायचं असतं, असं कधीतरी होऊन बसलं होतं.

म्वेंदेनं ते भाषण शब्दशः खरं मानलं. कामगार म्हणून ती पहिल्या आठवड्यात काहीच उपयोगाची नव्हती. तिनं बांधलेली पहिली दहा कलमं सगळी मेली. ती मेलेली कलमं फेकायची सोडून तिनं पडवीत ओळीनं मांडली आणि प्रत्येकाची पट्टी सोडून, ते का मेलं, हे वहीत लिहिलं. एकाची चीर खोल, एकाची काडी बारीक, एकात पाणी शिरलेलं. मेलेल्या कलमाकडे इतका वेळ बघणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी स्वतः तरी कधी बघितलं होतं? मेलं की ढिगावर.

तिच्या चौथ्या दिवशी गंगाराम थोरल्या कलमावर काड्यांची पानं छाटायला चढला. थोरलं कलम म्हणजे आमचं सगळ्यात जुनं झाड, माझ्या वडिलांनी लावलेलं. त्याच्या आंब्याची चव आजूबाजूला कुठल्या झाडाला नाही असं मी मानतो आणि मानणारे आणखीही आहेत. त्याच्या काड्यांची कलमं मी कोणालाही देत नसे. ज्याच्या मनगटावर विश्वास आहे, जो झाड जगवेल, त्यालाच. म्वेंदे झाडाखाली उभी राहून पडणारी पानं गोळा करत होती आणि सवयीनं एकेक चुरडत होती. थोड्या वेळानं ती दोन्ही हातांत एकेक पान घेऊन माझ्याकडे आली.

"म्वालिमू, हे तुमच्या हापूसचं पान. हे पण तुमच्या हापूसचंच. माझं नाक वाईट आहे का?"

मी खुंट छाटत होतो. हातातली सुरी न ठेवता मी तिच्या हातांवर वाकलो, हुंगल्यासारखं केलं आणि म्हटलं, "दोन्ही हापूसच. नाक तयार व्हायला वेळ लागतो. अजून आठ दिवस हुंगा."

ती बरं म्हणाली आणि गेली. मी खरंच हुंगलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

आठ-नऊ दिवसांनी त्या काड्या तयार झाल्या, उतरवल्या, आणि दोन दिवसांत मी आणि गंगारामनं त्यांची सहाशे कलमं बांधली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत चहा घेत असताना म्वेंदे समोर येऊन उभी राहिली. हातांत परत दोन पानं. रोज सकाळी उठून ती त्या झाडाकडे जात होती हे मला तेव्हा कळलं. तिचा चेहरा काही अपराध केल्यासारखा होता.

"म्वालिमू, आठ दिवस झाले. वर तीन दिवस जास्त हुंगलं. अजूनही हे दोन आहेत. मला माफ करा, माझं नाक सुधारत नाही."

या वेळी मी कप खाली ठेवला. पहिलं पान चुरडलं. हापूस. दुसरं चुरडलं. कोणी थोबाडीत द्यावी तसं झालं. तो वास रायवळाचा होता. लहान पोरालाही कळला असता.

मी तसाच, अनवाणी, थोरल्या कलमाकडे गेलो. म्वेंदेनं फांदी दाखवली, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या बाजूची. तिच्यावर हात ठेवून मी खाली खाली येत गेलो. त्या बाजूला घाणेरीचं आणि वेलींचं इतकं रान माजलं होतं की हात घालायला कोयता लागला. आत बघितलं तर ती फांदी झाडाला फुटलेलीच नव्हती. ती जमिनीलगत, वडिलांनी बांधलेल्या जोडाच्या खालून निघाली होती. खुंटाचा फुटवा. एरवी असा फुटवा वीतभर असताना आम्ही मोडून टाकतो. हा आडोशाला राहिला, वाढला, वर जाऊन हापूसच्या फांद्यांत मिसळला आणि खालून बघणाऱ्याला थोरल्या कलमाचीच एक फांदी दिसू लागला. त्याचे आंबे गडग्यापलीकडे घळीत पडायचे आणि माकडं खायची.

गंगारामला बोलावलं. त्यानं बघितलं आणि सगळं सांगितलं. मागं एका वादळात थोरल्या कलमाची एक मोठी फांदी मोडली होती. त्यानंतर काड्या कमी पडायला लागल्या म्हणून गडग्याकडची ही फांदी त्यानं धरली होती. म्हणजे चार पावसाळे. चार पावसाळे मी माझ्या सगळ्यात लाडक्या गिऱ्हाइकांना हापूस म्हणून मधूनमधून रायवळ देत होतो.

मग गंगाराम म्हणाला, "तात्यानू, आता कोनाला कळनार हाय? आंबं धरंपरत आपन दोगं ऱ्हातो का नाय, ते तरी कोन सांगतंय?"

तो वाईट माणूस नाही. मी जे मनात म्हणत होतो तेच तो तोंडानं बोलला एवढंच. कलम मेलं, बदललं, गुरानं खाल्लं, खालून फुटवा आला आणि तुम्ही मोडला नाहीत, शंभर कारणं देता येतात. माझ्या शब्दापुढे कोणी बोललं नसतं. मी म्वेंदेकडे बघितलं. तिला मराठी कळलं नव्हतं. ती वहीत त्या जोडाचं चित्र काढत होती, आणि काढता काढता मला म्हणाली, "म्वालिमू, हे आमच्या बायकांना दाखवायला फार चांगलं आहे. इतकं मोठं उदाहरण कुठं मिळणार?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखर ते थोर वाटत होतं, रायवळाच्या मुळानं साठ-सत्तर वर्षं गप्प राहून आपली फांदी वर काढली हे. मीही वर बघितलं. थोर होतंच ते. माझं नाव त्यात बुडत होतं तरीही.

घरी येऊन शैलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मयेकरांकडं कधी जाताय?" जाणार का, असं तिनं विचारलंच नाही.

दत्ता मयेकर म्हणजे बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला त्यांचा कातळ आहे. कातळ म्हणजे गवताशिवाय काही न उगवणारा सपाट जांभा दगड. त्यात मयेकरांनी सुरुंग लावून बत्तीस खड्डे केले, खालच्या शेतातून टोपल्यांनी माती वाहून ते भरले, आणि वादळानंतरच्या पहिल्याच पावसात माझ्याकडून थोरल्या कलमाची बत्तीस कलमं नेली. तीन उन्हाळे ते स्वतः खांद्यावरून पाणी घालत होते. प्रत्येक झाडाला त्यांनी आपण पाहिलेल्या बंदराचं नाव दिलं होतं. दुसऱ्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे मी नंतर गेलो, फोन केले, दोघांचा पत्ता अजून लागलेला नाही आणि ते मनाला लागून राहिलं आहे. पण पहिल्यांदा जायचं होतं ते मयेकरांकडेच.

म्वेंदेला बरोबर नेलं, कारण माझ्या नाकावरचा माझा विश्वास उडाला होता. ती केनियाची म्हटल्यावर मयेकर खुलले. "मोंबासा! दोनदा गेलोय मी. या, तुमाला तुमचं मोंबासा दाखवतो." छत्री घेऊन ते निघालेसुद्धा. मी त्यांना पडवीतच थांबवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. फांदी, फुटवा, चार पावसाळे.  मयेकरांनी छत्री मिटली, परत उघडली आणि म्हणाले, "चला."

पावसात आम्ही तिघं ओळीनं फिरलो. प्रत्येक झाडाचं पान आधी म्वेंदे चुरडायची, मग मी. ती मान हलवून हो किंवा नाही म्हणायची. मयेकर नुसतं नाव सांगायचे.

"सिंगापूर."

हो.

"अँटवर्प."

हो.

"डर्बन."

नाही.

डर्बन गेलं, रॉटरडॅम गेलं, एडन गेलं. झाडं डोक्यापर्यंत वाढलेली, काळीभोर पानं, देखणी. बत्तीसपैकी अकरा गेली. मोंबासापाशी म्वेंदेनं पान चुरडलं आणि बराच वेळ नाकाशी धरून ठेवलं. ते हापूस निघावं असं तिला वाटतंय हे मला दिसत होतं. मग तिनं मान हलवली. नाही.

मयेकर झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले. मला म्हणाले, "तात्या, ह्या बाईनी सांगितलं नसतं तर?"

"तर कळलं नसतं," मी म्हटलं. "तिनं मला आधीच विचारलं होतं. मी हुंगलं नाही."

हे वाक्य मी घरून ठरवून आणलं नव्हतं. पण बाहेर पडलं आणि बरं वाटलं, असंही नाही. मयेकर माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर समुद्रावर काढलेल्या माणसाची नजर, ती लवकर हलत नाही.

"काय करता येतं?"

मी सांगितलं. झाडं उपटायची नाहीत, मुळं चांगली धरली आहेत. कमरेएवढी छाटायची. महिन्या-दीड महिन्यात नवे फुटवे येतील, त्यांच्यावर खऱ्या हापूसच्या काड्या बांधायच्या. दोन-तीन वर्षं मागं पडतील, पण झाड तेच राहील. मी येऊन बांधून देईन, सगळी.

"छाटायला आजच घेतो," मयेकर म्हणाले. "पण बांधायला तुमी नको, तात्या. ह्या बाई बांधतील."

म्वेंदेला मी भाषांतर करून सांगितलं. ती घाबरली. माझी दहा मेली आहेत, म्हणाली. मी मयेकरांना तेही सांगितलं. ते म्हणाले, "का मेली ते तिनी बघितलंन का?"

"बघितलं. लिहून ठेवलंय."

"मग बास."

त्या दीड महिन्यात म्वेंदेनं आमच्याकडच्या सहाशे कलमांना पानं फुटल्यावर, ती जून झाल्यावर, एकेक हुंगून वेगळी केली. चुकीच्यांच्या पिशवीवर चुन्याचा ठिपका. आणि रोज पंचवीस-तीस खुंट बांधून हात बसवला. सप्टेंबरात मयेकरांच्या छाटलेल्या झाडांना तांबूस फुटवे आले तेव्हा आम्ही काड्या घेऊन गेलो. ती गुडघे टेकून बसली आणि मी शेजारी उकिडवा. ती फुटव्याला चीर द्यायची, मी काडी पुढे करायचो. ती पट्टी गुंडाळायची, मी पट्टीचं टोक धरायचो. वडील गेल्यापासून मी कोणाच्या हाताखाली काम केलं नव्हतं. तिचे हात माझ्याहून सावकाश चालत होते आणि मला ते थांबवावेसे वाटत नव्हते. एखाद्या माणसानं आपण सांगितलेली गोष्ट इतकी खरी मानावी, आपण स्वतः मानत होतो त्याहून खरी, हे मी जवळून, पट्टीचं टोक धरून, बघत होतो. मोंबासा तिनं सगळ्यात शेवटी बांधलं.

अकरापैकी नऊ झाडांवरच्या काड्या लागल्या. उरलेल्या दोन झाडांवर ती निघण्याआधी परत बांधून गेली. आता मयेकरांकडे कोणी बाग बघायला आलं की ते त्या झाडांपाशी थांबतात आणि सांगतात, ही अकरा केनियाच्या बाईंनी बांधलेली. बाकीची कोणाची, ते सांगत नाहीत. मी बरोबर असलो तर मान डोलावतो.